पुण्यात शुश्रूषा केंद्र निवडताना आणि त्याचा खर्च पेलताना

पक्षाघाताचा झटका, खुब्याचे मोडलेले हाड किंवा वाढत गेलेला स्मृतिभ्रंश, यांपैकी कारण कोणतेही असो, बहुतेक कुटुंबांपुढे शुश्रूषा केंद्राचा प्रश्न उभा राहतो तो रुग्णालयाने ‘उद्या डिस्चार्ज देतो’ असे सांगितल्यानंतरच. घर तिसऱ्या मजल्यावर असते आणि इमारतीला लिफ्ट नसते, किंवा मुले परदेशात असतात आणि सांभाळणारा जोडीदार स्वतःच पंच्याहत्तरी ओलांडलेला असतो. मग वॉर्डातल्या कोणीतरी दिलेल्या क्रमांकावर फोन लावला जातो, जागा रिकामी आहे एवढे कळताच रुग्णाला तेथे हलवले जाते, आणि दर, करार, रात्रीची व्यवस्था या गोष्टींची चौकशी नंतर, अनामत रक्कम भरून झाल्यावर सुरू होते. ही घाईच पुढे सर्वांत महाग पडते. म्हणून पहिली सूचना अशी की, रुग्ण दाखल झाल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, ‘घरी गेल्यावर यांना नेमकी कशी आणि किती काळ मदत लागेल?’ आणि त्याच दिवसापासून शोध सुरू करावा. वेळ अगदीच अपुरा असेल तर पहिल्या केंद्रात पंधरा दिवसांच्या तात्पुरत्या बोलीवर, मोठी अनामत न भरता, रुग्णाला ठेवावे आणि त्या पंधरा दिवसांत शांतपणे दुसरी केंद्रे पाहावीत. बरीच केंद्रे अल्प मुदतीसाठी रुग्ण घेतात, फक्त ते आपण आधी विचारावे लागते.

गरज कागदावर उतरवणे

केंद्र शोधण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसून एक कागद तयार करावा. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे, या सहा कामांपैकी कोणती कामे रुग्ण स्वतः करू शकतो, कोणत्या कामांत हात द्यावा लागतो आणि कोणती पूर्णपणे दुसऱ्याने करावी लागतात, हे स्पष्ट लिहावे. त्याखाली वैद्यकीय गरजा लिहाव्यात: नाकातून अन्नाची नळी आहे का, लघवीसाठी कॅथेटर आहे का, गळ्यात नळी असून कफ मशिनने काढावा लागतो का, ऑक्सिजन लागतो का, इन्सुलिन किती वेळा द्यावे लागते. शेवटी रात्रीचे लिहावे, कारण घरचे लोक दिवसाचे सांगतात आणि रात्रीचे विसरतात. रात्री किती वेळा उठावे लागते, रुग्ण दार उघडून बाहेर जाण्याचा प्रयत्न करतो का, ओरडतो का, पडण्याचा धोका किती आहे, हे केंद्राला आधी न सांगितल्यास चौथ्या दिवशी ‘यांच्यासाठी स्वतंत्र माणूस लागेल, त्याचे वेगळे पैसे’ असा फोन येतो.

या कागदावरून कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे जावे हे ठरते. ज्या इमारतीवर ‘नर्सिंग होम’ अशी पाटी असते, ते आपल्याकडे बहुधा प्रसूतीचे किंवा शस्त्रक्रियेचे छोटे खासगी रुग्णालय असते. दीर्घ मुदतीची शुश्रूषा तेथे मिळत नाही. धर्मादाय वृद्धाश्रमांची पुण्याला जुनी परंपरा आहे, नवी पेठेतील ‘निवारा’ ही संस्था १८६३ पासूनची आहे. परंतु अशा वृद्धाश्रमांत प्रवेशाच्या वेळी माणूस हिंडता-फिरता असावा, अशी अट सामान्यतः असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी ज्या जागा असतात त्या स्वतःला ‘केअर सेंटर’, ‘वृद्धसेवा केंद्र’, ‘शुश्रूषा केंद्र’ अशी नावे लावतात आणि त्या बहुधा खासगी असतात. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण चालता-फिरता असला तरी त्याला साध्या वृद्धाश्रमात ठेवणे धोक्याचे असते. त्याच्यासाठी दारांना योग्य कड्या, फिरायला बंदिस्त मोकळी जागा आणि त्या आजाराची समज असलेले कर्मचारी लागतात.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांचा मार्ग निराळा आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. वारजे येथील सिप्लाचे उपशामक उपचार केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. मुंबईत वांद्र्याचे शांती अवेदना सदन हेच काम १९८६ पासून करत आहे. वेदना कमी करणे, जखमांची निगा राखणे आणि कुटुंबाला आधार देणे हे त्यांचे मुख्य काम आहे. कर्करोगाचा रुग्ण असेल तर महागड्या खासगी केंद्राची चौकशी करण्यापूर्वी येथे फोन करावा.

घरी सांभाळायचे की केंद्रात ठेवायचे, हा हिशेबही याच वेळी करावा. रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत बारा तासांच्या दोन पाळ्यांत माणसे लावली, भाड्याचा वर-खाली होणारा पलंग आणि एअर बेड आणला, तर महिन्याचा खर्च मध्यम दर्जाच्या केंद्राइतकाच येतो, आणि मावशी, म्हणजे रुग्णाची कामे करणारी मदतनीस, न आल्याच्या दिवशी सगळा भार घरच्यांवर पडतो. मात्र रुग्णाला स्वतःचे घर, स्वतःची माणसे आणि स्वतःची खिडकी लाभते, ही गोष्ट पैशांत मोजता येत नाही. घरात रात्री उठू शकणारा एक तरी धडधाकट माणूस असेल, तर पहिले तीन महिने घरी प्रयत्न करून पाहावा, असे माझे मत आहे. असा माणूस नसेल, तर केंद्राची निवड करताना मनात अपराधी भावना बाळगू नये.

केंद्र पाहायला गेल्यावर

प्रथम कागद पाहावेत. ज्या केंद्रात नळ्या असलेले, सलाईन लागणारे रुग्ण ठेवले जातात, त्यांच्याकडे १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील महापालिकेच्या आरोग्य विभागाची नोंदणी आहे का, हे विचारावे. ही नोंदणी तीन वर्षांसाठी असते, म्हणून तिची मुदतही पाहावी. काही केंद्रे विश्वस्त संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात, तर काहींकडे केवळ दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद असते. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना दाखल करून घेणाऱ्या संस्थांना २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. कागद अपुरे असले म्हणजे सेवा वाईट असतेच असे नाही. पण नळी अडकली, रुग्ण पडला किंवा आग लागली, तर जबाबदारी कोणाची, याचे उत्तर या कागदांवर अवलंबून असते.

आगीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पुण्यातली अनेक केंद्रे जुन्या बंगल्यांत किंवा निवासी इमारतींच्या एखाद्या मजल्यावर चालतात. जे रुग्ण स्वतः उठून बसू शकत नाहीत, त्यांना धुराने भरलेल्या जिन्यावरून दोन मावश्या कशा उतरवणार, हा प्रश्न केंद्रचालकाला सरळ विचारावा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘बी फॉर्म’, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. तो दाखवा, असे म्हणण्यात कोणताही उद्धटपणा नाही. तळमजल्यावरची खोली मिळत असेल, तर थोडे अधिक पैसे देऊनही ती घ्यावी. वरच्या मजल्यावर जावे लागत असेल, तर लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावते का, हे स्वतः पाहावे.

त्यानंतर माणसे पाहावीत. ‘आमच्याकडे चोवीस तास सिस्टर असतात’ हे वाक्य प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळते. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा आणि एएनएम म्हणजे दोन वर्षांचा परिचर्या अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंद असलेल्या परिचारिका किती, आणि प्रत्यक्ष रुग्णाची स्वच्छता करणाऱ्या, त्याला भरवणाऱ्या मावश्या व मामा किती, हे वेगवेगळे विचारावे. आकडा दिवसाच्या पाळीचा न घेता रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेचा घ्यावा आणि त्याला रुग्णांच्या संख्येशी ताडून पाहावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. पंचवीस रुग्णांमागे रात्री एकच मावशी असेल, तर ती हे काम करू शकणार नाही, तिची इच्छा कितीही चांगली असली तरी.

केंद्राला दोनदा भेट द्यावी: एकदा वेळ ठरवून आणि एकदा न सांगता, शक्यतो संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास, म्हणजे जेवणे चालू असताना आणि पाळी बदलत असताना. भरवताना रुग्णाला उशीला टेकवून नीट बसवले आहे का, हे पाहावे. आडवे ठेवूनच घास दिले तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पाण्याचा पेला आणि बोलावण्याची घंटा हाताला लागेल अशी आहे का, नखे कापलेली आहेत का, दाढी केलेली आहे का, चादरींना वास येतो का, या गोष्टी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगतात. पलंगाच्या पायथ्याशी कूस बदलल्याच्या वेळा, लघवीचे प्रमाण, रक्तदाब यांचा तक्ता असावा. दुपारी चार वाजता तो तक्ता रात्री बारापर्यंत आधीच भरून ठेवलेला दिसला, तर तेथून परत फिरावे.

एक प्रश्न विचारण्याचा संकोच लोकांना वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे: ‘सध्या तुमच्याकडे किती जणांना बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, आहेत, आणि त्यांपैकी किती जणांना ते येथे आल्यानंतर झाले?’ चांगला केंद्रचालक याचे उत्तर आकड्यात देतो आणि जखमेची निगा कशी राखतात हेही सांगतो. ‘आमच्याकडे कोणालाच होत नाहीत’ असे सांगणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवता येत नाही. तसेच, रुग्ण अस्वस्थ झाला तर त्याचे हात बांधतात का, झोपेचे औषध देतात का, आणि ते कोणत्या डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून देतात, हे विचारावे. कुटुंबाला न विचारता रात्रीचे औषध वाढवले जाणार नाही, हे करारात लिहून घेता येते.

भाषेचा मुद्दा लहान वाटतो, पण तो तसा नाही. पुण्यातल्या केंद्रांत काम करणारी पुष्कळ मुले-मुली दूरच्या राज्यांतून आलेली असतात आणि मनापासून काम करतात. परंतु स्मृतिभ्रंशात किंवा पक्षाघातानंतर माणसाला नंतर शिकलेली हिंदी-इंग्रजी साथ देत नाही, मागे उरते ती लहानपणची बोली. ‘पाठीत कळ येते’ किंवा ‘घशाशी येतंय’ हे समजणारा एक तरी माणूस प्रत्येक पाळीत असावा, एवढी अपेक्षा ठेवणे रास्त आहे.

करार

तोंडी बोलण्यावर भागवू नये. मासिक शुल्कात नेमके काय धरले आहे आणि काय नाही, याची यादी कराराला जोडलेली असावी, कारण डायपर, औषधे, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, ऑक्सिजन, जखमेचे ड्रेसिंग, नळी बदलणे आणि कित्येकदा कपडे धुणेही वेगळे आकारले जाते. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल, महिन्याच्या मध्येच रुग्णाला नेले किंवा त्याचे निधन झाले तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील का, वर्षाला दरवाढ जास्तीत जास्त किती टक्के, केंद्राला रुग्णाला ‘घेऊन जा’ असे सांगायचे असल्यास किती दिवसांची सूचना द्यावी लागेल, आणि रुग्ण मधल्या काळात रुग्णालयात असेल तर त्या दिवसांचे शुल्क पूर्ण लागेल की निम्मे, ही कलमे वाचल्याशिवाय सही करू नये. जीएसटीबद्दलही विचारावे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने चालवलेल्या वृद्धाश्रमात साठ वर्षांवरील व्यक्तीकडून निवास-भोजनासह महिना २५,००० रुपयांपर्यंत शुल्क घेतले जात असेल, तर त्या सेवेला जुलै २०१८ पासून हा कर माफ आहे. इतर ठिकाणी कर लागतो का, लागत असल्यास तो सांगितलेल्या दरात धरला आहे की वरून, हे लेखी घ्यावे.

तब्येत अचानक बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात न्यायचे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोण बोलावणार, सोबत कोण जाणार आणि कुटुंबातील कोणाला आधी फोन करायचा, हे क्रमाने लिहून द्यावे. मुले परदेशात असतील तर पुण्यात राहणारा एक नातेवाईक किंवा स्नेही ‘स्थानिक जबाबदार व्यक्ती’ म्हणून नेमावा, आणि त्या व्यक्तीला खरोखर निर्णय घेण्याचा अधिकार आहे हे मुलांनी लेखी कळवावे. रात्री दोन वाजता अमेरिकेतून उत्तर येण्याची वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. ज्यांना अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर शेवटचे दिवस काढायचे नसतील, त्यांनी शुद्ध असतानाच वैद्यकीय इच्छापत्र करावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. केंद्रातच मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र कोण देणार, हेही विचारून ठेवावे. प्रश्न कठोर आहे, पण त्या प्रमाणपत्राविना स्मशानभूमीत अडून बसण्याची वेळ शोकात असलेल्या कुटुंबावर येऊ नये.

पैसा

सर्वांत आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आरोग्य विम्यातून शुश्रूषा केंद्राचा खर्च मिळत नाही. आपल्याकडील विमा पत्रिकांमध्ये विमा नियामकाने ठरवून दिलेले एक प्रमाणित अपवाद-कलम असते, त्याचा संकेतांक ‘एक्स्क्ल०५’ (Excl05) असा आहे. विश्रांती, पुनर्वसन आणि दैनंदिन कामांत मदत करणारी शुश्रूषा, मग ती घरी असो वा संस्थेत, या कलमाने विम्याबाहेर ठेवली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, उत्पन्नाची अट न लावता. ते कार्ड अवश्य काढावे, पण त्याचा उपयोग रुग्णालयात दाखल झाल्यावरच होतो. धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, तेही रुग्णालयातील उपचारांपुरतेच. थोडक्यात, केंद्राचे मासिक बिल कुटुंबालाच भरावे लागते आणि त्याची तरतूद त्याच हिशेबाने करावी लागते.

पुण्यात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे मूळ मासिक शुल्क साधारणतः वीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत कोठेही असू शकते. खोली एकट्याची की चौघांची, नळ्या आहेत की नाहीत, यावर ते ठरते. समजा मूळ शुल्क ३०,००० रुपये आहे. रोज चार डायपर, प्रत्येकी ३५ रुपयांप्रमाणे, म्हणजे महिन्याला ४,२०० रुपये. औषधे ४,०००. आठवड्यातून तीन वेळा फिजिओथेरपी, ५०० रुपयांप्रमाणे ६,०००. डॉक्टरांची भेट १,०००. एकूण खर्च ४५,२०० रुपयांवर जातो, म्हणजे सांगितलेल्या दराच्या दीडपट. शिवाय दर वर्षी आठ टक्के वाढ धरली, तर महिना ४५,००० रुपयांनी सुरू झालेला खर्च पाच वर्षांत सुमारे ३१ लाख ६८ हजार रुपये होतो. शुश्रूषा किती वर्षे लागेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून किमान पाच वर्षांचा हिशेब करावा आणि त्या हिशेबात बसणारेच केंद्र निवडावे. पहिल्या वर्षी उत्तम केंद्रात ठेवून तिसऱ्या वर्षी पैशाअभावी आई-वडिलांना दुसरीकडे हलवण्यापेक्षा, पहिल्यापासून साधे पण निगा नीट राखणारे केंद्र बरे; नवी जागा आणि नवे चेहरे या वयात फार त्रास देतात.

उत्पन्नाच्या बाजूला प्रथम निवृत्तिवेतन मांडावे. केंद्र सरकारच्या निवृत्तांना वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के, पंच्याऐंशीनंतर ३० टक्के आणि नव्वदीनंतर ४० टक्के वाढ मिळते. बँकेच्या नोंदीत जन्मतारीख चुकीची असल्याने ही वाढ लागलीच नाही असे होऊ शकते, म्हणून ती तपासावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून प्रत्येकाला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. २०२४-२५ मधील ८.२ टक्के दराने १५ लाखांवर महिन्याला सरासरी १०,२५० रुपये पडतात, मात्र व्याज दर तिमाहीला जमा होते, याची मेळ घालताना आठवण ठेवावी. टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजना संयुक्त नावाने १५ लाखांपर्यंत घेता येते आणि तिचे व्याज दर महिन्याला येते.

जोडीदार हयात असेल, तर या सर्व रकमेतून त्याचा किंवा तिचा पुढील वीस वर्षांचा खर्च आधी बाजूला काढावा. नवऱ्याच्या शुश्रूषेत सगळी पुंजी संपल्यावर बायकोने मुलांपुढे हात पसरायचा, हे आपल्या समाजात इतक्या निमूटपणे घडते की हिशेब करताना तो रकाना कोणी काढतच नाही. तो पहिला काढावा.

घर रिकामे असेल तर ते लिव्ह अँड लायसन्स कराराने भाड्याने देता येते. महाराष्ट्रात या कराराची नोंदणी सक्तीची आहे, आणि सहकारी गृहनिर्माण संस्था त्यासाठी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक ना-वापर शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, आकारू शकत नाही. घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याची उलट तारण कर्जाची योजना साठीनंतर उपलब्ध असते, आणि कर्जदार हयात असेपर्यंत ते फेडावे लागत नाही असे तिच्याबद्दल सांगितले जाते. परंतु कर्जदार ते घर कायमचे सोडून संस्थेत राहायला गेला, तर कर्ज परतफेडीला येते. सलग एक वर्ष तेथे न राहणे हे सामान्यतः ‘कायमचे सोडणे’ मानले जाते. त्यामुळे ही योजना घरी राहून मावशी लावणाऱ्यांना, किंवा जोडीदार सहकर्जदार असून घरातच राहणार असेल त्यांना उपयोगी आहे. एकट्या माणसाने केंद्रात जाण्यासाठी ती घेऊ नये.

भावंडांनी आपापला वाटा पहिल्याच महिन्यात लिहून ठरवावा, आणि जे भावंड प्रत्यक्ष धावपळ करते त्याच्या वेळेलाही त्यात किंमत द्यावी. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात मुलगा आणि मुलगी यांची जबाबदारी सारखीच आहे. मुले खर्च देत नसतील, तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो, त्यावर नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. मूळ कायद्यातली मर्यादा महिना १०,००० रुपयांची आहे, म्हणजे केंद्राचा पूर्ण खर्च त्यातून निघणार नाही. याच कायद्याचे कलम २३ मात्र फार मोलाचे आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर घर बक्षीसपत्राने दिले आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. म्हणून घर मुलांच्या नावे करायचेच असेल, तर ‘शुश्रूषेचा खर्च करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात असलेच पाहिजेत. मृत्युपत्र करून घर स्वतःच्याच नावे ठेवणे त्याहून सुरक्षित.

प्राप्तिकराची सवलत जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांनाच मिळते. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठाच्या वैद्यकीय खर्चावर (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील) कलम ८०डी खाली ५०,००० रुपयांपर्यंत, आणि कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, ठरावीक प्रमाणाबाहेर गेलेला स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन अशा आजारांच्या उपचारांवर त्याच कायद्यातील कलम ८०डीडीबी खाली एक लाखापर्यंत वजावट घेता येते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचे लेखी पत्र लागते. केंद्राकडून निवास-भोजन आणि वैद्यकीय सेवा यांची बिले वेगळी मागावीत आणि पैसे रोखीने न देता बँकेतून द्यावेत.

बँक आणि सही

पुरेसा पैसा असूनही तो काढता न येणे ही अडचण फार जणांना येते. मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले, असे समजू नये. ज्याने ते दिले त्याची मानसिक क्षमता गेली की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारी संपते, म्हणजे स्मृतिभ्रंशात ऐन गरजेच्या वेळी तो कागद निरुपयोगी ठरतो. त्यानंतर खाते चालवण्यासाठी किंवा फ्लॅट विकण्यासाठी उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि त्यात महिने जातात. निदान झाल्याबरोबर, शुद्ध आणि समज असतानाच, शुश्रूषेसाठी बाजूला काढलेल्या रकमेचे खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने विश्वासू व्यक्तीबरोबर संयुक्त करावे. केवळ हात चालत नसेल पण समज शाबूत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दोन साक्षीदारांसमोर अंगठा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. त्या साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरमध्ये, ऐंशीपुढील निवृत्तांना ऑक्टोबरपासून, मोबाइलवर चेहरा दाखवून किंवा पोस्टमनला केंद्रात बोलावून देता येतो; तो राहिला तर निवृत्तिवेतन थांबते.

दाखल केल्यानंतर

पहिल्या दिवशी रुग्णाचे वजन करून घ्यावे, टाचा, माकडहाड आणि कमरेच्या दोन्ही बाजूंची कातडी पाहून तिचे फोटो तारखेसह ठेवावेत, आणि चालू औषधांची यादी केंद्राच्या सहीने घ्यावी. पहिले दोन आठवडे घरच्यांपैकी कोणीतरी रोज, वेगवेगळ्या वेळी जावे. गोंधळ, रडणे, ‘घरी ने’ हा हट्ट या काळात स्वाभाविक असतो. दर महिन्याला वजन पाहावे. एका महिन्यात पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे अडीच किलो गेले, तर भरवणे नीट होत नाही किंवा नवा आजार सुरू झाला आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. कातडीवर दाबल्यावरही न जाणारा लाल डाग दिसला, तर त्याच दिवशी केंद्रप्रमुखाला लेखी कळवावे, कारण त्या टप्प्यावर जखम टाळता येते. तक्रार आधी केंद्राकडे लेखी करावी. दाद मिळाली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या मदत क्रमांकावर, नोंदणी असल्यास महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, आणि पैशांच्या किंवा सेवेतील त्रुटींच्या वादासाठी १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तेथे करार, बिले, फोटो आणि वजनाच्या नोंदी हाच पुरावा धरला जातो.